अमेरिकेतल्या फर्निचर उद्योगातल्या नोकऱ्या नेमक्या कुठे गेल्या?

आधी चीनमध्ये आणि मग बऱ्याच अंशी व्हिएतनाममध्ये. अमेरिकी कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार फर्निचर कारखान्यांत २००० साली साधारण ६.८ लाख माणसं होती, २०१० मध्ये ३.६ लाखांच्या आसपास उरली. (यात लाकडाखेरीज इतर फर्निचरही आलं, आणि २००८ च्या मंदीचा फटकाही.) २००५ मध्ये चिनी लाकडी पलंग-कपाटांवर अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्तात आणलेल्या परदेशी मालावरचा जादा आयातकर) बसलं, पण काम नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हिकरी-लनॉयर या फर्निचरच्या गावांना परतलं नाही, ते व्हिएतनामच्या बिन्ह डुओंगकडे वळलं. हिकरी-लनॉयरचं फार वाईट झालं. सोफ्याचं काम मात्र बरंच टिकलं, कारण कापड गिऱ्हाईक निवडतं आणि एवढी अवजड वस्तू जहाजाने आणणं महाग पडतं. आरागिरण्यांची गोष्ट वेगळी, तिथे माणसांचं काम यंत्रांकडे गेलं: ओंडका स्कॅनरखालून जातो, कुठे चिरायचा ते संगणक ठरवतो.