ओमान म्हणजे नुसतं वाळवंटच का? तिथे शेती होते का?

होते की, बऱ्यापैकी होते, फक्त सगळीकडे नाही. मस्कतला नोकरीला आहे त्यामुळे बघून सांगतोय. देशाचा बराचसा भाग कोरडाच, पश्चिमेला रब-अल-खालीची वाळू, तिथे फारसं कुणी राहत नाही. लोकवस्ती मुख्यतः मस्कत आणि त्याला लागून असलेल्या बातिना किनाऱ्यावर, खजुराच्या बागाही तिकडे भरपूर. डोंगराकडे, निझवा आणि जबल अखदर साइडला 'फलज' असतात, म्हणजे डोंगरातलं पाणी उतारावरून आपोआप गावात आणणारे पाट, पंप वगैरे काही नाही, आणि हे पाणी प्रत्येकाला वेळेच्या हिशोबाने मिळतं, कुणाची पाळी कधी संपली ते पूर्वी दिवसा काठीची सावली बघून नि रात्री तारे बघून ठरवायचे (असे 5 फलज 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत). वर जबल अखदरला डाळिंब, गुलाब. दक्षिणेला सलाला तर वेगळंच प्रकरण, जूनअखेर ते सप्टेंबर मान्सूनची भुरभुर, हिरवेगार डोंगर, नारळ, केळी, पपई, रस्त्याकडेला शहाळ्यांच्या टपऱ्या, कोकणातला माणूस चक्रावतोच. पण देश शेतीवर चालतो असं समजू नका हां, 1967 पासून तेल एक्स्पोर्ट होतंय आणि सरकारची मुख्य कमाई अजूनही तेल नि गॅसचीच, शिवाय शेतातली अंगमेहनत बघाल तर बहुतेक ठिकाणी बांगलादेशी, पाकिस्तानी नाहीतर आपलेच लोक करताना दिसतात.