सोलापूर जिल्ह्यातली कुर्डुवाडी एवढी मोठी कशी झाली, शेजारचं मूळ कुर्डू मात्र खेडंच का राहिलं?

कारण रेल्वे. त्यातही रुळांची रुंदी.

मुंबई-सोलापूर ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा मार्ग बार्शीला वगळून कुर्डुवाडीवरून गेला. मग कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची 'बार्शी लाइट रेल्वे' सुरू केली. ती पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पण एका रुंदीचा डबा दुसऱ्या रुळांवर चालत नाही. त्यामुळे प्रत्येक पोतं इथे एका डब्यातून काढून, पाठीवर घेऊन दुसऱ्यात टाकावं लागे. प्रवाशांनाही गाडी बदलायची, म्हणजे तासन्‌तास थांबायचं. हमाल आले, चहावाले आले, रेल्वेचे क्वार्टर झाले, वर्कशॉप आलं. तालुका माढ्याचा, पण वर्दळ कुर्डुवाडीत!

आषाढीला तर पंढरपूरच्या त्या छोट्या गाडीच्या टपावरही वारकरी बसलेले असत. गाडीचा वेग बेताचा, म्हणून निभावायचं.

२००० नंतर टप्प्याटप्प्याने सगळं ब्रॉडगेज झालं. पोती उतरवायचं कामच उरलं नाही. जंक्शन मात्र आहे, आणि वर्कशॉपही.