वाचकांचे प्रश्न : टेबलावरचा ढीग आणि सहा गठ्ठे

प्रश्न : पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून नुकताच रुजू झालो. आधीच्यांनी दोन कपाटे भरून कागद ठेवले आहेत, कार्यभाराची यादी मात्र अर्ध्या पानाची. साहेब म्हणतात, ‘सहा गठ्ठे करा.’ सुरुवात कुठून करू? ई-ऑफिस आल्यावर याची गरज उरते का?

उत्तर : कपाटे पूर्ण रिकामी करा. थोडे थोडे काढायला गेलात तर उरलेल्या कप्प्यात पुन्हा ढीग साचतो. प्रत्येक कागद आवक नोंदवहीशी ताडून पाहा. नोंद नसेल तर आजच घ्या, पण आजच्या तारखेला, मागची तारीख टाकून नव्हे.

मग गठ्ठे बांधा. ज्यावर तुम्हालाच पुढची कार्यवाही करायची आहे ती चालू प्रकरणे पहिल्यात. दुसऱ्याच्या उत्तरावाचून अडलेली, म्हणजे प्रतीक्षाधीन, दुसऱ्यात. तिसऱ्यात नियतकालिके, म्हणजे ठरल्या तारखेला वरच्या कार्यालयाला पाठवायचे अहवाल, चौथ्यात शासन निर्णय आणि परिपत्रकांची स्थायी आदेश संचिका. निकाली निघालेली, अभिलेख कक्षात जाणारी प्रकरणे पाचव्यात आणि ‘ड’ वर्गाचे, नष्ट करायचे कागद सहाव्यात.

पद्धत कोसळते ती दुसऱ्या गठ्ठ्यात. नको असलेली फाइल ‘माहिती मागवली’ असे पत्र लिहून तिथे ढकलली, की ती चालू प्रकरणांच्या गोषवाऱ्यातून नाहीशी होते आणि अर्जदार खेटे घालत राहतो. म्हणून प्रतीक्षाधीन नोंदवहीत प्रत्येक प्रकरणापुढे स्मरणपत्राची तारीख लिहा आणि दर सोमवारी त्या तारखा चाळा. उत्तर आले, की फाइल त्याच दिवशी पहिल्या गठ्ठ्यात.

पाचव्या गठ्ठ्यात फाइल टाकण्याआधी पानांना क्रमांक द्या, शेवटच्या टिपणीवर ‘निकाली’ शेरा घ्या आणि वर्ग लिहा : ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे, ‘ड’ 1 वर्ष. अभिलेख कक्षात ‘अ’ला लाल रुमाल (गठ्ठा बांधायचे कापड), ‘ब’ला हिरवा, ‘क’ला पिवळा, ‘ड’ला पांढरा, रंग दिसला की हात थेट त्या मांडणीवर जातो. निंदणी, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून टाकणे, करताना घाई नको. लेखा आक्षेप किंवा कोर्टाचे प्रकरण बाकी असेल तर मुदत संपलेला कागदही ठेवावा लागतो. नष्ट करायच्या कागदांची यादी करून मंजुरी घ्या, ती यादी मात्र जपून ठेवा.

हे सगळे महाराष्ट्राला नवे नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तर लावणे, बैठकव्यवस्था आणि लोकांना मिळणारी वागणूक एकत्र बदलली. तो ‘लखिना पॅटर्न’ आजही शिकण्यासारखा आहे. ई-ऑफिसमुळे फाइल कोणाकडे आहे ते दिसते. पण वर्गवारी न केलेले दप्तर स्कॅन केले, तर ढीग फक्त कपाटातून संगणकात जातो. गठ्ठे आधी, स्कॅनिंग मागाहून.

प्रश्न : दाखल्यासाठी अर्ज दिला. मुदत उलटली. ‘कागद अपुरे आहेत’ असे खिडकीवर तोंडी सांगितले. काय करावे?

उत्तर : तोंडी नकार मान्य करू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच आणि क्रमांक मिळायला हवा, आणि नाकारायचे तर लेखी, कारणासह. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील करा. त्यावर समाधान झाले नाही तर दुसरे अपील, आणि तिसरे थेट सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते.

बहुतेक अपिले अडतात ती पोच नसल्याने. अर्ज देताना जोडलेल्या कागदांची यादी अर्जावरच लिहा आणि त्याच प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. ‘कागद अपुरे’ला हेच तुमचे उत्तर.