शब्दशंका : प्रतिष्ठा, अब्रू आणि अभिमान

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असे शब्द आहेत. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘प्रतिष्ठा तर गावातल्या मोठ्या माणसांना असते, मग ती प्रत्येकाला कशी?’ हिंदी उद्देशिकेत या ठिकाणी ‘गरिमा’ शब्द आहे. मराठीतही तोच अधिक योग्य ठरला नसता का?

उत्तर : विद्यार्थिनीची शंका अचूक जागी बोट ठेवणारी आहे. रोजच्या मराठीत ‘प्रतिष्ठा’ ही समाजाने दिलेली आणि म्हणून थोड्यांच्याच वाट्याला येणारी गोष्ट आहे. ‘गावातील प्रतिष्ठित मंडळी’ असे आपण म्हणतो तेव्हा उरलेले गाव त्या मंडळींत नसते, हे गृहीतच असते. निवडणूक ‘प्रतिष्ठेची’ होते, एखादा क्षुल्लक वादही ‘प्रतिष्ठेचा प्रश्न’ बनतो. या सर्व ठिकाणी प्रतिष्ठा म्हणजे चार लोकांतले वजन.

शब्दाचे मूळ मात्र याहून साधे आहे. ‘प्रति’ आणि ‘स्था’ मिळून झालेल्या या शब्दाचा अर्थ स्थिर उभे असणे, पक्का आधार असणे, असा आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते ती याच अर्थाने, आणि सातवाहनांची राजधानी असलेल्या पैठणचे ‘प्रतिष्ठान’ हे जुने नावही याच धातूपासून आलेले आहे. हा अर्थ ध्यानात घेतला, तर व्यक्तीची प्रतिष्ठा म्हणजे कोणाच्याही मेहेरबानीवाचून माणसाला स्वतःच्या पायांवर उभे राहता येणे, असे वर्गात सांगता येईल.

हिंदी उद्देशिकेशी तुलना केल्यास एक मौजेची गोष्ट आढळते. मराठीत जिथे ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, तिथे हिंदीत ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’ आहे. म्हणजे हिंदीने ‘प्रतिष्ठा’ हा शब्द सामाजिक दर्जासाठी खर्च केला आणि माणसाच्या अंगभूत मोलासाठी ‘गरिमा’ निवडला. मराठीने दर्जाला ‘दर्जा’च म्हटले आणि ‘प्रतिष्ठा’ व्यक्तीसाठी राखून ठेवली. दोन्ही उद्देशिकांतील हे शब्द मुलांसमोर फळ्यावर शेजारी शेजारी मांडण्याजोगे आहेत.

‘गरिमा’ हा शब्द ‘गुरु’, म्हणजे जड, या विशेषणापासून झालेला आहे. अष्टसिद्धींपैकी एका सिद्धीचे ते नाव असून ‘लघिमा’ ही तिच्या उलट सिद्धी होय. ‘गौरव’ही त्याच कुळातला. जडपणावरून भारदस्तपणा असा अर्थ पुढे आला आणि म्हणून ‘सभागृहाची गरिमा’, ‘पदाची गरिमा’ असे प्रयोग शोभून दिसतात. पण मराठीत हा शब्द अजून व्यासपीठावरून खाली उतरलेला नाही. वेठबिगाराची किंवा सफाई कामगाराची ‘गरिमा’ असे म्हटले तर वाक्य भाषणातले वाटते. माझे मत विचाराल तर मराठी उद्देशिकेने ‘प्रतिष्ठा’ निवडली हेच चांगले झाले, कारण जो शब्द आजवर मोजक्यांच्या नावामागे लागत होता तोच तिने प्रत्येकाच्या नावे केला. तुमच्याच जिल्ह्यात या शब्दाचा असा विस्तार झालेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ योजना ज्या ‘श्रमप्रतिष्ठे’साठी ओळखली जाते, तिच्यात प्रतिष्ठा कुळाला किंवा पैशाला चिकटलेली नसून खोऱ्या-घमेल्याला मिळालेली आहे.

‘सन्मान’ यांच्यापेक्षा वेगळा, कारण त्यात कृती आहे. सन्मान कोणीतरी कोणाचातरी करतो, मग तो शाल-श्रीफळ देऊन असो की नीट बोलून. म्हणून ‘सन्मानाने जगण्याचा हक्क’ या प्रयोगात इतरांनी कसे वागावे याची अपेक्षाही येते. नुसता ‘मान’ मात्र पुष्कळदा क्रमाचा आणि हक्काचा असतो. पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींत कसबा गणपती पहिला, हे ठरलेले आहे. लग्नातल्या मानपानावरून रुसवे होतात तेही आदर कमी पडला म्हणून क्वचितच, ठरलेला क्रम चुकला म्हणून अधिक. गंमत अशी की ‘ताठ मानेने’ जगणे यातली ‘मान’ ही स्त्रीलिंगी, म्हणजे गळ्यावरची आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात पुल्लिंगी ‘मान’ही जागा होतोच.

प्रश्न : अब्रू, इज्जत, आब आणि पत यांत नेमका भेद काय? आमच्या घरी हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात. (निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर)

उत्तर : आपण बँकेत होतात, तेव्हा ‘पत’पासूनच सुरुवात करू. पत ही देण्याघेण्यातली विश्वासार्हता. पतपेढी, पतपुरवठा, पतधोरण हे शब्द तिच्यापासूनच बनले. दोन वर्षे पाऊस पडला नाही तर चांगल्या शेतकऱ्याचीही बाजारातली पत जाऊ शकते, पण त्यामुळे त्याची अब्रू गेली असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही.

‘आब’ म्हणजे फारसीत पाणी आणि पाण्यावरून तेज. मराठीतही मोत्याचे ‘पाणी’ म्हणजे त्याची झळाळीच असते. ‘रू’ म्हणजे चेहरा. या दोहोंपासून ‘अब्रू’ झाला, म्हणजे मुळात ते चेहऱ्याचे पाणी. नुसता ‘आब’ वय, पद आणि वागणे यांतून येतो व तो ज्याचा त्याने राखायचा असतो. ‘अब्रू’ इतरांच्या नजरेवर अवलंबून असते, म्हणूनच ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तिला चपखल बसते. न्यायालयात दावा होतो तोही ‘अब्रूनुकसानी’चा, आब कमी झाला म्हणून कोणाला दावा लावता येत नाही. ‘इज्जत’ अरबीतून आलेला शब्द असून अर्थाने अब्रूला अगदी जवळचा, मात्र बोलण्यात अधिक मोकळा. ‘इज्जतीचा फालुदा’ तरुण मुले हसत हसत करतात. अब्रूचे ‘धिंडवडे’ निघतात तेव्हा कोणी हसत नाही.

येथे एक सूचना करावीशी वाटते. स्त्रीवरील अत्याचाराच्या बातमीत ‘अब्रू लुटली’ असे अजूनही लिहिले जाते. गुन्हा करणाऱ्याने काही केले आणि अब्रू मात्र सोसणारीची गेली, असा उफराटा हिशेब त्या शब्दांत दडलेला आहे. तिथे सरळ ‘बलात्कार केला’ किंवा ‘अत्याचार केला’ असेच लिहावे.

प्रश्न : ‘मला माझ्या मुलीचा गर्व आहे’ हे वाक्य बरोबर आहे का? (नाशिक)

उत्तर : मराठीत ‘अभिमान आहे’ असे म्हणावे. हिंदीत ‘गर्व’ चांगल्या अर्थाने चालतो आणि ‘अभिमान’ पुष्कळदा घमेंडीकडे झुकतो. आपल्याकडे नेमके उलट आहे, आणि ‘गर्वाचे घर खाली’ हे तर लहान मूलही जाणते. जुन्या संतसाहित्यात मात्र ‘देहाभिमान’ हा दोषच आहे, त्यामुळे ते वाचताना आजचा अर्थ लावू नये. तीच गत ‘अस्मिता’ची : पतंजलीच्या योगसूत्रांत ती अविद्येच्या पाठोपाठ येणारा क्लेश आहे, आज ती सभा गाजवते.

याच प्रश्नाला जोडून आपण ‘स्वाभिमान’ आणि ‘आत्मसन्मान’ यांविषयी विचारले आहे. स्वाभिमान दुसऱ्यासमोर उभा राहतो. तो दुखावतो, जागा होतो, प्रसंगी नोकरी सोडायला लावतो, आणि अती झाला की त्याला आपण ताठा म्हणतो. आत्मसन्मान हा माणसाच्या स्वतःशी असलेल्या नात्याचा शब्द असल्यामुळे मुलांच्या वाढीविषयी किंवा समुपदेशनाविषयी लिहिताना तो वापरावा. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचा आत्मसन्मान खचतो, तर सगळ्यांसमोर त्याला टोमणा मारला की त्याचा स्वाभिमान दुखावतो.