एसीत दरवर्षी गॅस का भरावा लागतो?

प्रश्न : आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, थ्री स्टार, इन्व्हर्टरवाला नाही, सहा वर्षं झाली. बेडरूम वरच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. दुपारी दोननंतर एसीचा पंखा चालू राहतो पण हवा साधीच येते, अर्ध्या-पाऊण तासाने परत गार यायला लागते, संध्याकाळपर्यंत हेच. रात्री अकरानंतर मात्र छान गार होतं. पाण्याची बादली रोज भरते. हॉलमध्ये कूलर चालू असतो आणि मधलं दार उघडंच, कारण सासूबाईंना कूलरच लागतो. बाहेरच्या युनिटला ऊन लागू नये म्हणून यांनी ताडपत्री गुंडाळलीय. मेकॅनिक दर एप्रिलला गॅस भरतो, अडीच हजार घेतो, याही वर्षी म्हणतो गॅस संपला. भरू का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, इतक्यात नका भरू. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो, तो बंद पाइपांमध्येच फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, परत आत येतो. घरातला फ्रिज दहा-बारा वर्षं चालतो, त्यात दर एप्रिलला कोण गॅस भरतं? खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि ते न शोधता वरून गॅस भरला की तोही निघून जाणार.

पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला गॅस कमी झाल्यासारखं वाटतच नाही. गॅस खूप कमी झाला की कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबून फिरवणारा पंप, तापून ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो, हे खरं, पण मग रात्रीसुद्धा धड गार झालं नसतं. तुमचा त्रास भर उन्हातलाच आहे, म्हणून माझा पहिला संशय त्या ताडपत्रीवर. बाहेरच्या युनिटचं कामच खोलीतली उष्णता बाहेर फेकणं, मागून आणि बाजूने हवा ओढायची, पुढून गरम हवा सोडायची. ताडपत्रीत ती गरम हवा अडकते, तीच परत ओढली जाते, पाइपातलं प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसरला जपण्यासाठी बसवलेला ओव्हरलोड त्याला बंद करतो. थंड झाला की परत चालू. हेच तुमचं अर्ध्या-पाऊण तासाचं गणित. तुमच्या यजमानांनी काळजीपोटी केलंय, पण ती ताडपत्री आजच काढा. सावली हवीच असेल तर वर दीड-दोन फूट जागा सोडून पत्रा लावा, बाजू मोकळ्या ठेवा. मग मेन स्विच बंद करून मागच्या जाळीवरची धूळ साध्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा नको, त्या जाळीच्या बारीक पट्ट्या वाकतात.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. दीड टन ही क्षमता बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून मोजलेली असते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा तोच एसी दीड टनाचं काम देऊच शकत नाही. त्यात वर तापलेला स्लॅब, तो सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ खाली उष्णता सोडत राहतो. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा किंवा कूल रूफ पेंटचा हात द्या, फरक पडतो. आणि रिमोटवर १६ केलं म्हणून तुमच्यासारखा साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी लवकर गार करत नाही, कॉम्प्रेसर तेवढ्याच जोरात चालतो, फक्त थांबत नाही. २४ वर ठेवा आणि सीलिंग फॅन हळू लावा.

आता ती बादली. आपल्या विदर्भात मेमधली हवा इतकी कोरडी की एसीतून पाणी अगदी कमी यायला हवं. तुमची बादली भरतेय कारण कूलर हवेत ओल सोडतो आणि एसी तीच ओल गोळा करत बसतो, बरीच ताकद त्यातच जाते. सासूबाईंचा कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, या उन्हाळ्यात तो त्यांना हवाच, फक्त मधलं दार लावून घ्या आणि हॉलची खिडकी उघडी ठेवा, कूलर तसाही खिडकी उघडी असली की जास्त चांगला चालतो.

एवढं करून, आतला फिल्टर धुऊन (धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला धुवा), एसी वीस मिनिटं चालवा. साधा डिजिटल थर्मामीटर आधी एसीच्या वर, हवा आत जाते तिथे धरा, मग खाली गार हवा येते तिथे. फरक १०-१२ अंश किंवा जास्त आला तर मशीन ठीक आहे, खोलीच जास्त तापतेय. फरक ६-७ वरच अडकला तर मेकॅनिकला बोलवा, पण गॅससाठी नाही, तपासायला. स्टॅबिलायझरवर दुपारचं व्होल्टेज किती दिसतं ते लिहून ठेवा. कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, त्याला मीटर लावून बघायला सांगा, तुम्ही स्वतः झाकण उघडू नका, स्विच बंद केल्यावरही त्यात करंट राहतो.

गॅस कमी असल्याची खूण म्हणजे बाहेर दोन पाइप येतात त्यातल्या बारीक पाइपवर बर्फ आणि जाड पाइप जेमतेम गार. जोडाच्या नटाजवळ तेलकट काळा डाग दिसला तर लीक बहुतेक तिथेच, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. लीक सापडलं की दुरुस्ती, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्यूम पंप, आणि मगच गॅस, तोही वजनकाट्यावर मोजून. तुमच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात, त्याला ते दाखवा. दरवर्षी अंदाजाने भरून आता गॅस जास्तही झालेला असू शकतो, आणि जास्त गॅसनेही उन्हात कॉम्प्रेसर असाच ट्रिप होतो! पट्टीवर आर ३२ असेल तर तो गॅस पेट घेऊ शकतो, वेल्डिंगआधी पाइप रिकामे करून खिडक्या उघडायला लावा.

प्रश्न : घर समुद्रापासून अगदी जवळ आहे, दोन वर्षांत एसीच्या बाहेरच्या युनिटमधली कॉइल (गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी) गळाली. नवीन टाकली तरी तेच होणार का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, खाऱ्या वाऱ्याने होतं हे, थांबवता येत नाही पण लांबवता येतं. कॉपरची, कोटिंग केलेली कॉइलच मागा. युनिट समुद्राच्या बाजूच्या भिंतीवरून काढून आडोशाच्या भिंतीला न्या, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.