जर्मनीतल्या चोपाउ नदीच्या खोऱ्यात जाताय?

केम्निट्स शहरात मुक्काम असेल तर दिसेल तो किल्ला उरकायच्या भानगडीत पडू नका. दिवसाला एक, बस्स. सोमवार मात्र टाळा. जर्मनीत त्या दिवशी बरीच संग्रहालयं बंद असतात.

आधी आउगुस्टुसबुर्ग. नावात ‘बुर्ग’ (किल्ला) असलं तरी हा शिकारमहाल. सॅक्सनी प्रांताच्या आउगुस्टने, म्हणजे तिथल्या इलेक्टरने (सम्राट निवडायचा हक्क असलेल्या राज्यकर्त्याने), १५६८ ते १५७२ मध्ये बांधून घेतला. एर्डमान्सडोर्फला रेल्वेतून उतरून १९११ पासूनच्या, रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने वर जा. आत ‘सशांच्या घरा’तली भिंतीवरची चित्रं निवांत बघा: ससेच शिकाऱ्यांवर उलटलेत! शिकारीच्या शौकिनाच्या घरात ही थट्टा, मला भारी आवडते. विहीरही चुकवू नका. खाणकामगारांनी खडकात खोदलेली, सुमारे १३० मीटर खोल.

दुसऱ्या दिवशी क्रीबश्टाइन. हा खरा मध्ययुगीन किल्ला, १३८४ च्या सुमाराचा, नदीवरच्या कड्याला चिकटलेला. फोटो आतून काढत बसू नका, खाली नदीकाठी उतरा. उंच निवासी मनोरा तिथूनच पुरता दिसतो. पाठीवरची सॅक लहान ठेवा आणि चपला नकोत, बूट घाला.