सही जुळत नाही म्हणून आईच्या नावाची सही स्वतः करू नका

नमस्कार. आपल्या 78 वर्षांच्या आईला विस्मरणाचा आजार सुरू झाला आहे, तिचे एटीएम कार्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल आपल्याकडे आहे, पैसे काढण्याच्या स्लिपवर गेले चार महिने तिची सही आपणच करत आहात, आणि भावाला सगळे ठाऊक असताना यात गैर काय, असे आपण विचारले आहे. हे वाचून मला माझा 2019 चा अनुभव आठवला, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी वकील नाही. जे भोगले आणि त्यानंतर जे वाचून, विचारून कळले, तेवढेच सांगते. निर्णय घेण्याआधी आपल्या भागातील दिवाणी वकिलाला एकदा कागद दाखवावेत.

माझे वडील सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला आणि बँकेकडे ठेवलेल्या नमुन्याशी सही जुळेना. तिसऱ्या वेळी स्लिप परत आली तेव्हा काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने हळू आवाजात सांगितले, "ताई, नमुन्यासारखी सही घरून करूनच आणा, म्हणजे अडणार नाही." मला ती माणुसकी वाटली. पुढच्या चौदा महिन्यांत मी अकरा स्लिपांवर वडिलांची सही केली आणि चार लाख साठ हजार रुपये काढले. ते सगळे त्यांच्याच औषधपाण्यावर गेले.

खरे तर त्यांचा डावा हात चालत होता आणि तेव्हा त्यांना सगळे समजतही होते. खातेदार आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे सही करू शकत नसेल, तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी त्याची ओळख पटवावी आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. अंगठाही उमटत नसेल, तर नुसती खूण चालते. सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच सेवा देण्याविषयीचे परिपत्रकही नोव्हेंबर 2017 मध्ये निघाले होते. त्या शाखेत चौदा महिन्यांत मला यातले एक अक्षरही कोणी सांगितले नाही. मात्र सगळा दोष शाखेला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गावातल्या मुलांना अक्षर गिरवायला शिकवले, त्याला शाईचा अंगठा उमटवायला लावणे हा मला त्यांचा अपमान वाटत होता. त्या मायेपोटी मी नियम विचारलाच नाही, आणि माझी सर्वांत मोठी चूक तीच होती.

वडील गेल्यावर दादाने खात्याचा उतारा मागितला. त्यालाही "सगळे ठाऊक" होते, पण फोनवर ऐकलेले ठाऊक असणे आणि उताऱ्यातला आकडा पाहणे यात फार अंतर असते. त्याच्या वकिलाची नोटीस आली, तिच्यात भारतीय दंड संहितेचे कलम 465, म्हणजे बनावट दस्तऐवज, असे लिहिले होते. (1 जुलै 2024 पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 मध्ये येतो.) बनावटीच्या गुन्ह्याला फसवणुकीचा किंवा गैरलाभाचा हेतू लागतो आणि माझा तो नव्हता, परंतु हेतूचा निवाडा शेवटी होतो, जबाब आधी द्यावा लागतो. पोलीस ठाण्यात मी दोनदा गेले. त्या शाखेने लेखी कळवले की सही खातेदाराचीच आहे, अशा समजुतीने पैसे दिले गेले. हे असेच होणार, हे आपण आजच धरून चालावे, कारण बनावट सहीवर खात्यातून रक्कम वळती करण्याचा बँकेला अधिकारच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच ते स्पष्ट केले आहे. त्यामुळे ती सूचना काउंटरवरून मिळाली होती, असे कोणीही कबूल करत नाही.

माझ्याकडे तीन लाख दहा हजारांची बिले निघाली. उरलेल्या दीड लाखातले बहुतेक पैसे सांभाळणाऱ्या मावशींच्या पगाराचे, महिना नऊ हजार, रोख दिलेले, एकही पावती नाही. शेवटी मुदतठेवीतील माझा हिस्सा सोडून मी तडजोड केली. पैशाचे दुःख ओसरले, पण दादाशी बोलणे अजून पूर्ववत झालेले नाही. म्हणून जाता जाता सांगते की सांभाळणाऱ्या बाईंचा पगार आईच्या खात्यातून त्यांच्या खात्यात द्या, आणि रोखच द्यावा लागत असेल तर वहीत तारखेनिशी त्यांची सही घ्या.

आता आपल्याविषयी. आईला सकाळच्या वेळी व्यवहार नीट समजतो, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते आपल्या हातातली सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच आहे आणि ती फार दिवस राहणार नाही. पुष्कळ लोक सांगतील की कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून घ्या, पुढची काळजी मिटली. तसे होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की सामान्यतः ते संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते केले, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. तरीही मधल्या काळासाठी ते करावे, त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे. त्याहून उपयोगी म्हणजे आईच्या संमतीने संयुक्त खाते, तेही "आयदर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीचे, म्हणजे दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" घेतलेत, तर आई हयात असेपर्यंत खाते तिलाच चालवता येईल. निवृत्तिवेतनाच्या खात्याला मुलाचे नाव जोडता येते का, हे वेगळे विचारून घ्यावे. संयुक्त नाव लागले म्हणून पैसा आपला होत नाही, आणि नामनिर्देशित व्यक्तीही (नॉमिनी) वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, एवढेच.

समज पूर्ण गेल्यावर मार्ग अवघड होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, मालमत्तेसाठी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 14 खाली मर्यादित पालकत्व, म्हणजे ठरावीक काळापुरते आणि ठरावीक निर्णयांपुरते, मागता येते. कोमासारख्या स्थितीत उच्च न्यायालये राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली पालक नेमतात. दोन्हींत वेळ, वकील आणि सर्व भावंडांची संमती किंवा हरकत हे सगळे येते.

एटीएमबद्दल माझे मत कडक आहे आणि काहींना ते पटणार नाही. पिन दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा भार खातेदारावरच पडतो, आणि आईच्या पश्चात त्या कार्डाने एक रुपया काढलात तरी तो वारसांच्या पैशाला हात लावणे ठरते, मग तो अंत्यविधीसाठी का असेना.

आजवरच्या चार महिन्यांच्या स्लिपा आपल्याला परत घेता येणार नाहीत. त्या प्रत्येक रकमेपुढे खर्च, तारीख आणि बिल लिहून तो तक्ता याच आठवड्यात भावाला ई-मेलने पाठवा, त्याचे उत्तर लेखी घ्या, आणि पुढच्या वेळी आईला सकाळी अकराच्या सुमारास सोबत घेऊन शाखेत जा. शाखाधिकाऱ्यांसमोर तिला सही जमली तर उत्तम, नाहीतर तिला अंगठा उमटवू द्या.